वनराज भाटिया: जाहिरातवाले की फ्यूगवाले?

मुगभाटकर
सोम, रात्री ११.४०

परवा लेकीला पियानोच्या क्लासला सोडायला गेलो होतो. ती आत, मी बाहेर बाकड्यावर, मोबाइल चार्ज करायचा राहिलेला, त्यामुळे भिंतीला कान लावून बसण्याशिवाय काही काम नव्हतं. आतून एक मोठा मुलगा एकच लहानसं वाक्य वाजवत होता, आधी उजव्या हाताने, मग तेच डाव्या हाताने, मग दोन्ही एकमेकांच्या अंगावर चढून, चुकला की पुन्हा पहिल्यापासून. बाई बाहेर आल्या तेव्हा उगाच शहाणपणा म्हणून विचारलं, बाख का हो? म्हणाल्या बाख नाही, वनराज भाटिया, फँटसिया अँड फ्यूग इन सी. मी म्हटलं ते भारत एक खोजवाले? तर बाई असं बघून हसल्या की ज्याचं नाव ते. म्हणाल्या, "तुम्ही सगळे तेच विचारता."

घरी येऊन दोन रात्री शोधाशोध केली. मला हा माणूस फक्त श्रेयनामावलीत वाचून माहीत होता, पडद्यावर "संगीत वनराज भाटिया" आलं की पुढचा पिक्चर आर्ट फिल्म आहे आणि बाबा मध्येच झोपणार हे आम्हाला कळायचं. बाकी शून्य. तर जे गोळा झालं ते असं.

जन्म ३१ मे १९२७, मुंबई. भाटिया म्हणजे पंजाबी नव्हेत, कच्छी भाटिया, व्यापारी घर. शाळा न्यू एरा. आणि हे वाचून मी खुर्चीतून उठलोच, लहानपणी शास्त्रीय गाणं शिकले ते देवधर मास्तरांच्या क्लासमध्ये! म्हणजे आमच्या ऑपेरा हाऊसच्या, जिथे कुमार गंधर्व घडले तिथे. मग पोरवयात कधीतरी चायकोव्हस्कीचा पहिला पियानो कॉन्चेर्टो ऐकला आणि गाडी रुळ बदलून गेली. डॉ. माणेक भगत यांच्याकडे चार वर्षं पियानो. मध्ये एल्फिन्स्टनमधून इंग्रजीत एमए (१९४९). मग लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक, तिथे हॉवर्ड फर्ग्युसन, अ‍ॅलन बुश आणि विल्यम अल्विन यांच्याकडे कंपोझिशन, १९५४ ला गोल्ड मेडल. मग पॅरिस, नादिया बुलांजे. पाच वर्षं. या बाईंकडे कोण कोण शिकलं ती यादी काढली तर अर्धं विसावं शतक निघेल.

आणि १९५९ ला हा माणूस परत आला. मुंबईत. जिथे त्याने लिहिलेलं वाजवायला पगारी, कायमस्वरूपी ऑर्केस्ट्राच नव्हता. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता, पण पन्नाशीच्या दशकात ते स्वतःच परदेशी गेले. एनसीपीएचा (मुंबईतलं नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया निघाला २००६ मध्ये. तोवर भाटिया एकोणऐंशी वर्षांचे.

मधल्या ४७ वर्षांत काय केलं, तर जाहिराती. शक्ती सिल्क साडीपासून सुरुवात, लिरिल, गार्डन वरेली, ड्युलक्स, एकूण ७००० च्या वर जिंगल्स म्हणतात. मग श्याम बेनेगल, गोविंद निहलानी यांचे सिनेमे, दूरदर्शन.

माझं म्हणणं एवढंच की आपण आयुष्यभर या माणसाचा जोडधंदा ऐकला आणि मूळ दुकानाचं शटर कधी धड उघडलंच नाही. आणि गंमत म्हणजे जोडधंदाच एवढा अस्सल होता की मूळ दुकानाची कुणाला आठवणही झाली नाही. तुम्हाला काय वाटतं? आणि कुणी त्यांचं मैफिलीतलं, म्हणजे कॉन्सर्टचं काही प्रत्यक्ष ऐकलंय का?

---

अनुजा_के
मंगळ, सकाळी ७.१५

वाखुसा (वाचनखूण साठवली). ऑफिसच्या लोकलमध्ये वाचला, एक स्टेशन पुढे गेले असते. मालगुडी डेजचं ता ना ना पण यांचंच ना? ती ट्यून ऐकली की मला अजून गृहपाठ बाकी असल्यासारखं वाटतं.

---

मुगभाटकर
मंगळ, सकाळी ७.५०

नाही हो, मालगुडी एल. वैद्यनाथन यांचं. पण तुमची चूक नाही, त्या काळात दूरदर्शनवर जे काही बरं वाजलं ते वनराज भाटियांच्या नावावर खपतं.

---

जुना_एजन्सीवाला
मंगळ, दुपारी १.०५

जोडधंदा हा शब्द खटकला म्हणून लिहितोय, एरवी मी वाचनमात्र असतो.

मी ऐंशीच्या दशकात जाहिरात क्षेत्रात होतो, भाटियांबरोबर काम करायचा योग आला नाही, फक्त एकदा लांबून बघितलंय. पण जिंगल म्हणजे काय चीज असते ते सांगतो. तुम्हाला मिळणार तीस सेकंद, सिनेमागृहासाठी असेल तर फार तर साठ. त्यात शेवटची चार-पाच सेकंदं प्रॉडक्टच्या नावाची, ती सोडायची. मध्ये एक माणूस बोलणार, त्याच्या आवाजाखाली संगीताने वाकून चालायचं. उरलं काय, पंधरा सेकंद. त्यात लोकांच्या डोक्यात बसेल अशी चाल सुरू करून, फिरवून, जागेवर आणून ठेवायची. आमच्याकडे एक संगीतकार होते, ते स्टॉपवॉच गळ्यात घालूनच यायचे, रिहर्सलला बत्तीस सेकंद झाले की गायिकेला सांगायचे बाई श्वास एक कमी घ्या.

हे काम रोज सकाळ-दुपार वर्षानुवर्षं करणाऱ्या माणसाला किती स्वरांत काय सांगून होतं हे जेवढं कळतं तेवढं वर्षाला एक सिम्फनी लिहिणाऱ्याला कळत नसेल. लिरिलमध्ये शब्द किती आठवतात तुम्हाला? ला ला ला. झालं. धबधबा दिसतो की नाही डोळ्यासमोर?

आणि बेनेगलसुद्धा जाहिरातीतूनच आले हो. अंकुर (१९७४) मधून जी जोडी दिसली ती आभाळातून पडली नाही, दोघेही मिनिटाचा हिशेब मांडणाऱ्या धंद्यातले.

---

खडूस_काका
मंगळ, दुपारी ३.३०

कौतुक सोहळा चालू द्या. पण एक प्रश्न. देवधर मास्तरांकडे शिकलेला मुलगा, घरचं सोनं टाकून लंडन-पॅरिसला जाऊन तिथलं शिकून आला, आणि मग इथे ऑर्केस्ट्रा नाही म्हणून आपण गळा काढायचा? नसेल ऑर्केस्ट्रा. रेडिओवर सतारिये, सारंगिये, तबलजी होते की. आपल्या संगीताला हार्मनी लागत नाही, शोभत नाही आणि बसतही नाही. शंभर वर्षं लोक प्रयत्न करतायत, निघतं काय तर लग्नातला बँड.

(धागा चांगला आहे, हे वेगळं.)

---

डावा_हात
मंगळ, रात्री ९.२०

काका, मी पियानो शिकवते (मुगभाटकर, मी ती बाई नव्हे, पण तसं हसू मलाही येतं). तुमच्या मुद्द्यात दम आहे, आणि भाटियांना तो तुमच्याआधी दिसला असणार, कारण ते दोन्हीकडचं शिकलेले होते. म्हणून जरा सविस्तर.

मारवा घ्या. सा, कोमल रे, ग, तीव्र म, ध, नी. पंचम नाही. आता पाश्चात्त्य हार्मनीचा पाया म्हणजे सा-ग-प एकदम वाजवणे, मेजर कॉर्ड. पंचमच नाही तर कॉर्ड लागणार कशी? बरं, मारव्याच्या स्वरांतून दुसरी कुठली मेजर कॉर्ड निघते का, तर निघते, ध - कोमल रे - ग. वाजवून बघा पेटीवर. वाजवलीत की दोन सेकंदांत कान म्हणतो सा इथेच आहे, धैवतावर. मारव्याची सगळी गंमत काय, तर तो षड्जापासून लांब लांब राहून तुम्हाला टांगून ठेवतो. ही एक कॉर्ड लावली की टांगलेला माणूस खाली उतरून चहा प्यायला लागतो. राग मेला. स्वर सगळे त्याचेच असून मेला!

काका म्हणतात ते लग्नातल्या बँडचं असं होतं, चाल आपली आणि खाली कॉर्ड कुठल्याही पुस्तकातल्या. यावर उपाय दोन. एक, हार्मनी वापरायचीच नाही. दोन, कॉर्ड न लावता ओळीवर ओळ चालवायची, प्रत्येक ओळ रागाच्या मर्यादेत राहील आणि एकत्र ऐकताना टक्कर झाली तरी ती रागाचीच टक्कर असेल. याला काउंटरपॉइंट म्हणतात आणि बुलांजेबाई नेमकं हेच विद्यार्थ्यांकडून घोटून घ्यायच्या.

फ्यूग म्हणजे काय तेही सांगून टाकते, कारण धाग्याच्या नावात आहे आणि कुणी विचारलं नाही, म्हणजे सगळ्यांना माहीत आहे किंवा कुणालाच नाही. भजनात बुवा एक ओळ म्हणतात, थांबतात, टाळकरी तीच ओळ मागून म्हणतात. फ्यूगमध्ये बुवा थांबत नाहीत. बुवांची ओळ संपली की टाळकरी ती पंचमापासून उचलतात आणि बुवा त्याच वेळी दुसरंच काहीतरी गात पुढे चाललेले असतात, मग तिसरा माणूस येतो परत पहिल्या जागेवरून, मग चौथा. चौघं चार ठिकाणी आणि तरी गलका नाही, प्रत्येकाचं बोलणं ऐकू येतंय. पियानोवर हे चारही जण तुमच्या दहा बोटांत राहतात. आमच्या चौथ्या बोटाचं जे काय होतं ते आम्हालाच माहीत.

---

किराणा_मालक
बुध, सकाळी ६.४५

डाव्या हाताला दंडवत. मारव्यावरचा परिच्छेद उतरवून घेतला.

मला भूमिका (१९७७) बद्दल लिहायचंय, इतके प्रतिसाद झाले आणि कुणी नावच घेईना. पिक्चर हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' वरून, हे इथे सांगायला नको. पण त्यात संगीतकारासमोर अडचण बघा काय आहे. नायिका नटी आहे, गोष्ट वीसेक वर्षं चालते, म्हणजे प्रत्येक गाणं त्या त्या सालातलं वाटलं पाहिजे, वाद्यमेळ त्या काळचा, गायकी त्या काळची, अगदी भाबडेपणासुद्धा त्या काळचा. पॅरिसहून आलेल्या माणसाने जुन्या बोलपटांची नक्कल करायची आणि ती टिंगल वाटता कामा नये. प्रीती सागर यांचं तुम्हारे बिन जी ना लगे ऐका, पिक्चरमधलं खोटं गाणं खऱ्या गाण्यांपेक्षा जास्त टिकलं!

आणि त्यात सरस्वतीबाई राणे आणि त्यांची नात मीना फातर्पेकर यांचे आवाज आहेत. सरस्वतीबाई म्हणजे हिराबाई बडोदेकरांची धाकटी बहीण, अब्दुल करीम खाँसाहेबांची मुलगी. मी आमच्या घरातल्या मंडळींना हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना, शेवटी रेकॉर्डचं कव्हर दाखवावं लागलं. खडूस काका, घरचं सोनं टाकलेला माणूस सरस्वतीबाईंचं दार वाजवायला जातो होय?

---

खडूस_काका
बुध, सकाळी १०.१०

सरस्वतीबाईंचं नाव काढलंत, इथे आमची बोलती बंद. मारवा प्रकरण दुपारी पेटीवर करून बघितलं. ध-रे-ग लावल्यावर खरंच सा हलला. बायको आतून ओरडली काय चाललंय.

---

फोंडेकर
बुध, दुपारी २.२५

एक बाजू राहिली. ऑर्केस्ट्रा नव्हता असं मुगभाटकर म्हणतात ते कागदावर बरोबर. पण नोटेशन वाचून वाजवणारी माणसं मुंबईत शेकड्यांनी होती, फक्त ती सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बसलेली होती, आणि त्यातली बरीचशी आमची. गोव्यात चर्चच्या शाळेत पोराला अक्षराबरोबर सोल्फेज शिकवायचे, म्हणजे सा रे ग म च्या जागी दो रे मी, कागदावर बघून गायचं. तिथून निघालेला पोर धोबी तलावच्या कुडात येऊन राहायचा (कूड म्हणजे गावाच्या मालकीची खोली, खाट नाही पण ट्रंक ठेवायला जागा) आणि व्हायोलिन घेऊन दारोदार. अँथनी गोन्साल्विस मूळ माजोर्ड्याचे, प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन यांचे व्हायोलिनचे गुरू. त्यांनी १९५८ मध्ये स्वतःच्या खर्चाने रागांवर आधारलेली सिम्फनी मुंबईत लोकांसमोर आणली होती. म्हणजे भाटिया पॅरिसहून यायच्या एक वर्ष आधी! दोघांनाही एकच भिंत लागली. गोन्साल्विस पुढे अमेरिकेला गेले, भाटिया जाहिरातीत.

माझे एक मामा अशाच व्हायोलिनच्या रांगेत मागे बसायचे. त्यांच्याकडून ऐकलंय की बहुतेक ठिकाणी चाल गुणगुणून सांगायचे, मग अरेंजर रात्री बसून पार्ट लिहायचा. तर जो संगीतकार स्वतःच सगळे पार्ट शाईने लिहून आणतो, कुठल्या व्हायोलिनने बो (गज) वर घ्यायचा की खाली हेसुद्धा, त्याच्या रेकॉर्डिंगला हे लोक टाय घालून जायचे. नाव घेत नाही कुणाचं, मामांनाही नक्की आठवत नव्हतं, पण टाय घालायचे हे नक्की.

त्रिकाल (१९८५) कुणी बघितलाय का अलीकडे? गोव्यातल्या लोटलीला मारियो मिरांडांच्या घरात शूट झालेला. भाटियांबरोबर रेमो फर्नांडिस आहे त्यात. पोर्तुगीज काळातला गोवा बाहेरच्या कुणी इतक्या नीट ऐकलेला मला माहीत नाही, सिनेमात गोवेकर म्हटला की दारुड्या आणि गिटार, तेवढंच येतं एरवी.

---

न्यूजर्सीकर
गुरु, पहाटे ४.०० (तुमची)

फार छान धागा, इकडे रात्री जेवण झाल्यावर वाचतोय. बुलांजेचं नाव आलं म्हणून भर घालतो.

त्यांच्याकडे अर्जेंटिनाचा संगीतकार पियाझोला गेला होता १९५४ मध्ये, म्हणजे भाटियाही तेव्हाच पॅरिसात. तो आपल्या सिम्फन्या दाखवत होता, टँगो वाजवतो हे लाजेने लपवलेलं. बाईंनी शेवटी टँगो वाजवून घेतला आणि सांगितलं खरा तू इथे आहेस, हे सोडू नकोस. पुढे त्याने काय केलं ते जगाला माहीत आहे. नंतर १९६४ ते ६६ मध्ये अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लास. त्याला पॅरिसातच रविशंकरांचं संगीत नोटेशनमध्ये उतरवायचं काम मिळालं आणि त्याचं डोकं फिरलं, ताल म्हणजे आवर्तनात बेरीज करत जाणं हे त्याला तिथे कळलं. परत न्यूयॉर्कला येऊन त्याने काय केलं, तर टॅक्सी चालवली, प्लंबिंग केलं. १९७६ मध्ये मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसमध्ये त्याचा ऑपेरा लागला आणि त्यानंतरही काही काळ टॅक्सी चालूच होती.

मग त्याने १९८० मध्ये सत्याग्रह नावाचा ऑपेरा केला, गांधीजींवर, दक्षिण आफ्रिकेतली वर्षं, आणि गायलं जातं ते संस्कृतमध्ये, गीतेतले श्लोक. मी इकडे बघितलाय. अमेरिकन गायक गीतेचे श्लोक म्हणतात आणि आपण खुर्चीत ताठ बसतो, बाजूची गोरी बाई भाषांतर शोधते.

म्हणजे बघा, एकाच मास्तरणीचे दोन विद्यार्थी, दोघांनी पोटासाठी दुसरं काम केलं, दोघांनी संस्कृतला कोरस लावला. एकाचं मेटमध्ये लागलं. दुसऱ्याचं दूरदर्शनवर, भारत एक खोजमध्ये, ५३ भाग, प्रत्येक भागाच्या आधी आणि नंतर. ऐकणाऱ्यांची डोकी मोजलीत तर कोण जिंकलं? मला ग्लास आवडतो, पण अंगावर काटा नासदीय सूक्तालाच येतो.

---

अनुजा_के
गुरु, सकाळी ८.०५

+१ काट्याला. आमच्याकडे टीव्ही नव्हता, शेजारच्या काकूंकडे दारात बसून बघायचो, मालिकेतलं काही कळत नव्हतं, ते सुरुवातीचं झालं की मी घरी! हिंदीतलं कुणी केलं होतं?

---

किराणा_मालक
गुरु, सकाळी ८.४०

वसंत देव. आपले मराठी. तेंडुलकरांची नाटकं हिंदीत नेणारे तेच, घाशीराम धरून. भूमिकातली गाणीही त्यांची आणि मजरूहची. सारांशच्या गीतांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय. ऋग्वेदाचं दहावं मंडल, सुरुवातीला १२९वं सूक्त आणि शेवटी १२१वं, हिरण्यगर्भ, "कस्मै देवाय" वालं. मूळ संस्कृत त्रिष्टुभ छंदातलं, हिंदी मुक्त, आणि दोन्ही एका चालीत बसवायचं होतं. आधी संस्कृत येतं ते पठणासारखं, मोजक्या स्वरांत, आणि मग हिंदी सुरू होतं तसा कोरस उघडत जातो. मी वैदिक पाठशाळेतल्या एका गुरुजींना ऐकवलं होतं एकदा. म्हणाले स्वर चुकीचे आहेत. मग म्हणाले परत लावा.

---

डावा_हात
गुरु, रात्री १०.१५

तमस पण आहे. १९८८, निहलानी. राष्ट्रीय पुरस्कार त्यालाच मिळाला भाटियांना. ती शीर्षकातली आर्त हाक लहानपणी ऐकून मी रजई डोक्यावर घेतली होती, फाळणी म्हणजे काय ते पुढे शाळेत शिकले, पण आधी आवाज माहीत होता. ज्याने लिरिल केलं त्यानेच हे केलं. आणि त्यानेच जाने भी दो यारो. आता एजन्सीवाले म्हणतील बघा जिंगलने हात तयार होतो.

मूळ प्रश्नाचं उत्तर राहिलं, कॉन्सर्टचं काही ऐकलंय का. सिनफोनिया कॉन्चेर्तान्ते नावाची स्ट्रिंग्जसाठीची एक रचना आहे, २००१ ची. रेव्हरी नावाचा एक छोटा तुकडा आहे, तो यो-यो मा यांनी जानेवारी २०१९ मध्ये मुंबईत वाजवला. चेलो. भाटिया तेव्हा ९१ वर्षांचे. आणि एक ऑपेरा, अग्निवर्षा, कर्नाडांच्या नाटकावरून. यवक्रीची महाभारतातली गोष्ट. त्याचा काही भाग पियानोच्या साथीवर झालाय. पूर्ण ऑपेरा म्हणजे गायक, कोरस, ऐंशीएक वादक, सेट, कोण करणार.

---

जुना_एजन्सीवाला
शुक्र, दुपारी १२.३०

हो म्हणणारच.

पण आता जी गोष्ट कुणी काढत नाहीये ती काढतो. २०१९ मध्येच बातम्या आल्या होत्या की त्यांचे पैसे संपलेत, घरातल्या वस्तू विकायची वेळ आलीय. आयपीआरएसने (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) मदत केली, लोकांनी पाठवले. पद्मश्री २०१२, संगीत नाटक अकादमी १९८९, आणि ही अवस्था. लोक विचारत होते ७००० जिंगल्सचे पैसे गेले कुठे. अहो जिंगलचा व्यवहार ठोक असायचा. रेकॉर्डिंगच्या दिवशी चेक, विषय संपला. जाहिरात दहा वर्षं वाजो नाहीतर वीस. मेरो गाम काथा पारे मंथनचं, १९७६ चं, पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये देऊन काढलेला पिक्चर, प्रीती सागरला फिल्मफेअर, आणि तेच गाणं पुढे अमूलच्या जाहिरातीत किती वर्षं ऐकलंत? संगीतकाराला रॉयल्टीचा न सोडता येणारा हक्क कायद्यात आला तो २०१२ च्या दुरुस्तीने. भाटिया तेव्हा पंच्याऐंशीचे.

मी स्वतः त्या काळात संगीतकारांना असे चेक दिलेत. सही घ्यायची पावतीवर, रेव्हेन्यू स्टँप लावून. तेव्हा यात काही वावगं वाटलं नाही, सगळेच तसं करायचे.

---

फोंडेकर
शुक्र, सायंकाळी ५.५५

व्हायोलिनवाल्यांना तर पावतीपण नसायची. रोख, शिफ्टप्रमाणे. मामा पेन्शनशिवाय गेले. व्हायोलिन माझ्याकडे आहे, तारा नाहीत.

---

खडूस_काका
शुक्र, रात्री ९.०५

७ मे २०२१ ला गेले ना? आठवतंय, दुसऱ्या लाटेत. रोज इतकी नावं येत होती की वाचली आणि पुढे सरकलो.

अवांतर: दिल्ली विद्यापीठात १९६० ते ६५ ते वेस्टर्न म्युझिकॉलॉजीचे रीडर होते असं वाचलं. म्हणजे ऑर्केस्ट्रा नसला तरी सरकारी नोकरी होती. ती सोडून जिंगल करायला मुंबईला आले, तर जोडधंदा कुठला आणि मूळ दुकान कुठलं? मुगभाटकर, तुमचा सिद्धांत इथे जरा लंगडतो.

---

मुगभाटकर
शनि, सकाळी ११.२०

काका, लंगडतो, मान्य. चार दिवस धागा वाचून मी तो तसाही निम्मा सोडलाय. एजन्सीवाल्यांनी स्टॉपवॉच काढलं तेव्हाच. पण निम्मा धरून ठेवतो, कारण सालं बघा, फँटसिया अँड फ्यूग १९९९, सिनफोनिया २००१. बहात्तर आणि चौऱ्याहत्तर वर्षं वय. एवढ्या जिंगल्स, सिनेमे, मालिका करून दमलेला माणूस गप्प बसतो हो. हा फ्यूग लिहायला बसतो, जो वाजवायला कुणी मागितलेला नाही आणि वाजवला तर शंभर माणसं येतील. ते काय जोडधंदा म्हणून केलं?

काल परत क्लासला गेलो होतो, मोबाइल फुल चार्ज करून, आणि काढला नाही. तो मोठा मुलगा होता. या वेळी तिसरा आवाज येतो तिथपर्यंत न थांबता गेला, मग डाव्या हाताने घोटाळा केला, आतून बाईंचा आवाज, "ओळ गा आधी, मग वाजव." आणि तो फुटक्या आवाजात गायला, ना ना ना करत, वय चौदा-पंधरा असेल, आवाज फुटायचंच वय. मग वाजवलं. गेलं पुढे.

लेक बाहेर आली, तिला म्हटलं तुला पण हे शिकायचंय का. म्हणाली, बाबा मला लिरिल येतं. तिला लिरिल कुठून माहीत? तर बाईंनीच शिकवलं, पाच बोटांचा व्यायाम म्हणून.

---

डावा_हात
शनि, दुपारी १२.०५

ठीक आहे, आता कबूल करते. त्या बाई माझ्या मैत्रीण आहेत, आणि लिरिलची आयडिया माझी आहे. डाव्या हातानेपण करून घ्या म्हणावं.